मिरचीवर बोकड्या? बाटली उघडण्याआधी पान उलटं करून बघा

कुंडीतल्या मिरचीची पानं वळली की आपल्याकडे एकच नाव तोंडात येतं, बोकड्या. काही भागांत चुरडामुरडा म्हणतात. गंमत अशी की हे रोगाचं नाव नाही, दिसण्याचं आहे. पेशंट डॉक्टरला नुसतं ‘पोटात दुखतंय’ सांगतो, तसं. त्याच्या मागे फुलकिडे (थ्रिप्स) असतील, कोळी (माइट नावाची अगदी बारीक कीड) असेल किंवा विषाणू असेल. तिघांचे इलाज वेगळे, आणि एकाचं औषध दुसऱ्यावर मारलं तर कधी कधी दुखणं वाढतं.

दहाएक वर्षं मी पुण्यात गच्चीवर मिरच्या लावते आहे. पाचसहा जाती, पंधरा-वीस कुंड्या. सोसायटीत कुणाची मिरची आजारी पडली की कुंडी लिफ्टने माझ्या दारात येते आणि वाक्य ठरलेलं: ‘‘काकू, बोकड्या आलाय, काय मारू?’’ काय मारू हे सगळ्यात शेवटी विचारायचं. त्याआधी काय काय बघायचं, ते फुकटापासून महागापर्यंत क्रमाने इथे मांडलं आहे.

आधी लक्षणं

झाडाकडे दोन मिनिटं नुसतं बघा आणि यातलं कुठलं जुळतं ते ठरवा.

- पानं धडधाकट, फुलं भरपूर, पण फुलाचा देठ सांध्यापाशी पिवळा पडतो आणि हात लागताच फूल गळतं.
- शेंड्याची नवी पानं कडेने वर वळलेली, द्रोणासारखी. पानाच्या खालच्या बाजूला चंदेरी-तपकिरी ओरखडे.
- नवी पानं कडेने खाली वळलेली, उपड्या वाटीसारखी. पान अरुंद, देठ मात्र लांबुडका, उंदराच्या शेपटीसारखा.
- पानं बारीक, एका जागी गुच्छ झालेली, शिरा जाड, मधली जागा पिवळट. झाड महिनाभर आहे तेवढंच.
- माती ओली असूनही झाड दुपारी मान टाकतं आणि संध्याकाळीही सावरत नाही.
- मिरची धरते, पण टोकाकडे तपकिरी, दबलेला डाग पडतो.

एकाच झाडावर दोन लक्षणं असू शकतात. फुलकिडे आणि कोळी एकत्र नांदताना मी कितीदा पाहिले आहेत.

पहिली तपासणी: बोट

खर्च शून्य. तर्जनी दोन पेरं मातीत घाला. वरची माती कोरडी दिसते म्हणून रोज पाणी घालणारे आणि वरून ओली दिसते म्हणून चार दिवस न बघणारे, दोघांचीही फुलं गळतात. मिरचीच्या पोसणाऱ्या मुळ्या बऱ्याचशा वरच्या थरात असतात. त्या सुकल्या किंवा पाण्यात गुदमरल्या की झाड आधी कळ्या-फुलं टाकतं, मग कोवळ्या मिरच्या आणि शेवटी पानं. म्हणजे फुलगळ ही झाडाने केलेली पहिली काटकसर.

बोटाला ओल लागली तर पाणी नको. कोरडं लागलं तर कुंडीच्या तळातून बाहेर येईपर्यंत सावकाश घाला आणि खालच्या ताटलीत साचलेलं अर्ध्या तासात ओतून टाका. बारा इंची कुंडीला एप्रिलमध्ये रोज सकाळी पाणी लागतं, डिसेंबरात दिवसाआड पुरतं. पण वेळापत्रकावर नको, बोटावर विश्वास ठेवा. भर दुपारी मान टाकून संध्याकाळी ताठ होणारं झाड आजारी नाही, उन्हाने दमलेलं आहे. त्याला दुपारी दोनला पाणी पाजू नका.

दुसरी: कॅलेंडर

दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर जायला लागलं आणि रात्रीही हवा निवत नसली की परागकण निकामी होतात. फूल उमलतं, फळ धरत नाही, दोन-तीन दिवसांत गळतं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये हे होणारच. अकोला-नागपूरकडच्यांचे हाल मार्चपासूनच. उलट टोकाला डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरला की हाच प्रकार.

यावर औषध नाही. दुपारी बारा ते चार हिरवी शेडनेट, ५० टक्केवाली. कुंडी तापलेल्या स्लॅबवरून उचलून विटांवर ठेवा. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला बाहेरून गोणपाट गुंडाळा. मे महिन्यात दुपारी त्या काळ्या कुंडीला हात लावून बघा म्हणजे मुळांचं काय होत असेल ते कळेल. झाड जगवा, फुलांची आशा सोडा. पहिला पाऊस पडून हवा गार झाली की तेच झाड पुन्हा फुलतं.

ब्रशने परागीभवन करायचे व्हिडिओ बघून कुणी विचारतं. मिरचीला त्याची गरज नसते, तिचं फूल स्वतःचं स्वतः जमवतं, वाऱ्याचा हलका झोका पुरतो. काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत मात्र वारा नसतो. तिथे सकाळी दहाच्या सुमारास फांदीला टिचकी मारा, झालं.

तिसरी: काय काय खायला घातलंत?

झाड हिरवंगार, पानं तळहाताएवढी, फुलं नावाला. हे लाड अंगाशी आल्याचं चिन्ह. युरिया, दर आठवड्याला गांडूळखत, वर जीवामृत, वर कंपोस्टचं पाणी: या सगळ्यांतून नत्र (नायट्रोजन) मिळतं, आणि नत्र जास्त झालं की झाड पाला वाढवतं, फुलं धरत नाही. शिवाय असा लुसलुशीत पाला फुलकिड्यांना आणि माव्याला फार आवडतो. तीन आठवडे काहीही घालू नका. नंतर फुलोऱ्यात पालाशाकडे (पोटॅश) झुकणारं खत थोडंसं, एवढंच.

पाणी बोअरचं किंवा टँकरचं असेल तर कुंडीच्या कडेला पांढरी खपली जमली आहे का तेही बघून घ्या. असेल तर क्षार साठलेत, पानांच्या कडा त्यानेच करपतात. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट पाणी सावकाश ओतून माती धुवून काढा. पावसाळा हे काम फुकट करून देतो.

इथपर्यंत तपासणीला पैसे लागलेले नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या कुंड्यांपैकी बऱ्याच इथूनच परत जातात.

चौथी: पान कुठे वळलंय?

आता खरा बोकड्या. साहित्य: एक कोरा पांढरा कागद आणि शक्यतो दहापट मोठं दाखवणारं भिंग. घड्याळवाल्यांच्या भिंगासारखं भिंग स्टेशनरीच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. नाहीतर मोबाईलचा कॅमेरा.

सकाळी, ऊन चढायच्या आत, कागद फुलांच्या खाली धरा आणि फांदीला तीन-चारदा टिचक्या मारा. कागदावर माती, परागकण, एखादी पाकळी पडेल. घाई करू नका, वीस सेकंद थांबा. मग त्यातला एखादा ‘कचरा’ चालायला लागतो. दीड-एक मिलिमीटरचा, स्वल्पविरामासारखा, पिवळट किंवा काळपट. हे फुलकिडे. ते पान खरवडतात आणि रस शोषतात, म्हणून पान वर वळून द्रोण होतो. काही जाती थेट फुलात शिरतात. *थ्रिप्स पार्विस्पायनस* नावाची परदेशी जात भारतात २०१५ च्या सुमारास पहिल्यांदा नोंदली गेली. २०२१ मध्ये तिने आंध्र-तेलंगणातल्या मिरचीची दैना केली. तिचा मुक्काम मुख्यतः फुलात असतो, त्यामुळे पानं फारशी वळलेली नसतानाही फुलं गळत असतील तर टिचकी-कागद करून बघाच.

कागदावर काहीच चाललं नाही आणि पानं मात्र खाली वळलेली आहेत? मग शेंड्याचं सर्वांत कोवळं, बोटाच्या नखाएवढं पान तोडून उलटं करा आणि भिंगाखाली धरा. शिरेच्या कडेला पारदर्शक, पिवळसर ठिपके हळूहळू सरकताना दिसले तर तो कोळी. हा साध्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणूनच माणसं ‘कीड तर काहीच नाही’ म्हणून खत घालत बसतात. तो जाळं विणत नाही, जाळं विणणारा लाल कोळी वेगळा. पावसाळी, दमट, ढगाळ हवेत हा फोफावतो. फुलकिड्यांना कोरडी, उबदार हवा मानवते. आणि हा कोळी प्रवास कसा करतो, तर पांढऱ्या माशीच्या पायांना चिकटून. रिक्षा करून आल्यासारखा.

वरती वळलेला द्रोण म्हणजे फुलकिडे, खालती वळलेली उपडी वाटी म्हणजे कोळी. एवढं लक्षात राहिलं तरी निम्मं काम झालं.

हे मी शिकले ते नुकसान करून घेऊन. तिसऱ्या का चौथ्या वर्षी, ऑगस्टमध्ये, ज्वाला जातीची सहा झाडं वळली. मी ‘बोकड्या’ एवढंच सांगितलं, दुकानदाराने फुलकिड्यांची बाटली दिली. दहा दिवसांत दोनदा मारली. शेंडे आणखी आवळले, कळ्या काळ्या पडून झडल्या. पानं उलटी करून बघायचं सुचलं तेव्हा उशीर झाला होता: सगळी खाली वळलेली. कोळ्याला आठ पाय असतात, तो कीटक नव्हेच. बरीचशी कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत, त्याला खाणारे मित्रकीटक मात्र मरतात. मी त्याचे वैरी मारून त्याला मोकळं रान करून दिलं होतं.

पाचवी: विषाणू

झाड हलवल्यावर पांढऱ्या कोंड्यासारखं काहीतरी उडून पुन्हा पानाखाली जाऊन बसतं, ती पांढरी माशी. ती मिरचीत पर्णगुच्छाचा विषाणू सोडते. पानं बारीक, शिरा जाड, पेरं आखूड, झाड खुजं. किडीने वळलेल्या झाडाला उपचारानंतर नवी पानं सरळ येतात, विषाणूच्या झाडाला येत नाहीत. पक्का फरक तोच, आणि त्यासाठी दोन-तीन आठवडे झाड बाजूला ठेवून वाट बघावी लागते.

यावर औषध नाही. जगात कुणाकडेच नाही. कुणी विकत असेल तर घेऊ नका. झाडावर आधी मोठी पिशवी घाला, म्हणजे माशा शेजारच्या कुंडीवर उडणार नाहीत, मग मुळासकट उपटा, पिशवीचं तोंड बांधा आणि कचऱ्यात द्या. कंपोस्टमध्ये नको. जीवावर येतं हे मला माहीत आहे. पहिली फुलं आलेलं झाड उपटताना माझाही हात अडखळतो. पण एक ठेवलं की महिन्याभरात पाच होतात.

पानांवर गडद-फिका हिरवा नकाशा उमटला असेल तर तो मोझॅक. त्यातला एक विषाणू तंबाखूतून हाताला लागून येतो. घरात कुणी तंबाखू मळत असेल तर साबणाने हात धुतल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही, हा आमच्याकडे कायदा आहे. सासरे अजून कुरकुरतात.

सहावी: मुळं

ही तपासणी उशिरा, कारण तिच्यात झाडाला त्रास होतो. माती ओली, कीड नाही, तरी झाड मलूल असेल तर कुंडी आडवी करून माती गड्डीसकट अलगद बाहेर काढा. मुळं पांढरी, वास मातीचा: ठीक. तपकिरी, लिबलिबीत, कुबट वास: कुजली, निचरा बंद आहे, तळाची भोकं बुजलेली सापडतील. मुळांवर बारीक मण्यांच्या माळेसारख्या गाठी: सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत. गाठींचं झाड वाचवायच्या भानगडीत पडू नका. ती माती मे महिन्यात ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली महिना-दीड महिना कडक उन्हात तापवा. पुढच्या वर्षी त्यात झेंडू लावा. टोमॅटो, वांगं, बटाटा ही मिरचीचीच भावंडं, यांची जुनी माती मिरचीला देऊ नये.

आता, काय मारू?

सगळ्यात आधी पाणी. स्प्रे पंपाचा जोराचा फवारा, पानांच्या खालून वर, सकाळी, लागोपाठ तीन दिवस. अर्धी कीड यानेच उतरते. फार बिघडलेले शेंडे कात्रीने कापून पिशवीत बंद करा. फुलकिड्यांसाठी निळे आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे झाडाच्या शेंड्याच्या पातळीला टांगा. सापळ्याने कीड संपत नाही, पण किती आहे ते कळतं.

मग निंबोळी. ५ टक्के निंबोळी अर्क म्हणजे लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळी पावडर, फडक्यात बांधून रात्रभर भिजवायची, सकाळी पिळून गाळायची, चिमूटभर साबणाचा चुरा घालायचा. किंवा बाजारचं नीम तेल ५ मिली आणि एक-दोन मिली लिक्विड साबण, लिटरभर कोमट पाण्यात. एका पानावर मारून एक दिवस थांबा, मग सगळ्या झाडावर. वेळ संध्याकाळची. मी एकदा एप्रिलमध्ये सकाळी अकराला नीम तेल मारलं होतं, चारपर्यंत पानं तळलेल्या कढीपत्त्यासारखी झाली.

एकदा मारून भागत नाही, याचं कारण त्या किडीच्या आयुष्यात आहे. फुलकिड्याची अंडी पानाच्या आत असतात आणि कोषावस्था मातीत, म्हणजे आज फवाऱ्याला फक्त पिल्लं आणि प्रौढ किडे सापडतात. पाच-सहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा मारा आणि वरची दोन सेंटिमीटर माती हलवत राहा.

कोळी ओळखू आला असेल तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम, तेही संध्याकाळीच. पारा ३२-३३ च्या वर असेल तर गंधकाने पानं भाजतात, आणि नीम तेलानंतर दोन आठवडे गंधक मारायचं नाही. मिरची तोडून खायच्या आधी किती दिवस थांबायचं ते पाकिटावर लिहिलेलं असतं, ते वाचा.

वळलेली पानं सरळ होत नाहीत. कितीही चांगलं औषध असलं तरी नाही. गुण आला की नाही ते फवारणीनंतर फुटलेल्या पानांवरून ठरवायचं. हे न कळल्यामुळे माणसं चौथी-पाचवी बाटली आणतात.

फळ धरल्यावरचं

टोकाकडचा तपकिरी, दबलेला, कोरडा डाग हा कीड नव्हे, फळाला कॅल्शियम पोचलं नाही त्याचा. मातीत बहुतेक वेळा ते असतं, पण पाणी कधी धो धो, कधी अजिबात नाही, मग फळापर्यंत चढत नाही. त्यासाठी अंड्याची टरफलं टाकण्याचा सल्ला फिरतो. ती विरघळायला इतका वेळ लागतो की तोवर हंगाम संपतो. पाणी नियमित करा, पुढची फळं चांगली येतील. डागावर वलयं आणि काळे ठिपके असतील तर ती फळकूज, बुरशी. तशा मिरच्या रोज तोडून टाका आणि पाणी पानांवर न घालता मातीत घाला.

फूल उमलल्यापासून तीन-चार आठवड्यांत हिरवी मिरची तोडणीला येते. लाल व्हायला त्याहून बरेच आठवडे लागतात, आणि झाडावर लाल मिरच्या लोंबत ठेवल्या की नवी फुलं मंदावतात. बी धरायचं असेल तर दोन-तीन राखा, बाकी हिरव्या तोडा. ओढू नका, मिरचीची फांदी कटकन मोडते. देठ कात्रीने.

जातीनेही फरक पडतो. पुसा ज्वाला फुलकिडे-कोळी थोडेफार सोसते. राहुरी कृषी विद्यापीठाची ‘फुले ज्योती’ ही जात घोसाने लागते, कुंडीत बघायला सुरेख. जाड सालीची ढोबळी मिरची लाडावलेली, नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

इथे थांबा

तीन फवारण्या झाल्या, तीन आठवडे झाले आणि नवा शेंडा तरीही वाकडा येतोय: थांबा. चौथं औषध नाही.

एकाच वेळी निम्म्याहून जास्त कुंड्या गेल्या, किंवा मिरचीसोबत टोमॅटो-वांगंही वळतंय: थांबा.

कुणी शेतातली उरलेली बाटली दिली असेल आणि तिच्यावर लाल किंवा पिवळा त्रिकोण असेल तर ती गच्चीवर उघडूच नका. लाल म्हणजे अतिजहाल. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेही मोकळ्या रानात. आपल्या गच्चीला लागून शेजाऱ्यांची खिडकी असते, वाळत घातलेले कपडे असतात, लहान मुलं असतात. फवारताना चक्कर, मळमळ, डोळ्यांतून पाणी, घाम असं काही झालं तर कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि बाटली लेबलसकट घेऊन थेट दवाखान्यात जा.

कुंड्यांखालच्या स्लॅबला ओल आली असेल तर तो मिरचीचा प्रश्नच नाही, कुंड्या हलवा आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा.

झाडासाठी विचारायचं तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. प्रत्यक्ष दाखवायचं तर जवळचं कृषी विज्ञान केंद्र. पुणे जिल्ह्यात बारामती आणि नारायणगाव इथे आहेत, शहरात कृषी महाविद्यालय आहे. कोकणातल्यांना दापोलीचं कृषी विद्यापीठ. नेताना सुकलेलं एक पान नेऊ नका, त्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. सकाळी सकाळी वीतभर शेंडा फुलांसकट कापा, किंचित ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि त्याच दिवशी पोचवा. सोबत चिठ्ठीत लिहा: जात कुठली, कधी लावली, पाणी कुठलं, आणि आजवर काय काय मारलं, तारखांसकट. शेवटचं लिहायला लाज वाटते. तरी लिहा, तिथला माणूस सगळ्यात आधी तेच विचारतो.